‘बघू’ची नोंद

रंजना नलवडे यांची काही हरकत नाही, हे रंजना नलवडे यांना जिन्याखालच्या फळ्यावरून कळलं. भाजीची पिशवी तशीच हातात धरून त्या दोन जिने चढून वर आल्या, दारातच चपला एक इकडे एक तिकडे टाकल्या आणि पुढच्या खोलीत काम करत बसलेल्या मुलीला म्हणाल्या, “शरू, मी हो कधी म्हटलं गं?”

शर्वरीने स्क्रीनवरून डोळे उचलले. सकाळपासून ती वाचत होती, आणि जे वाचत होती ते सगळं एकसारखंच दिसायला लागलं होतं. “कशाला हो?”

“बिल्डिंग पाडायला.”

कोल्हापुरात टाकाळ्याजवळची सुवर्णा सोसायटी म्हणजे तीन मजले, वीस घरं, लिफ्ट नाही. पाडून नवी बांधायची चर्चा शर्वरी शाळेत असल्यापासून चालू होती. आता एक बिल्डर खरोखर तयार झाला होता. त्याची अट एकच होती. विसाच्या वीस घरांची संमती हवी, मागाहून कुणाचं रडगाणं नको. फळ्यावर लिहिलं होतं की वीसही घरं तयार आहेत, रविवारच्या सभेत करारावर सह्या होतील आणि दिवाळीनंतर सर्वांनी जागा रिकामी करावी.

“तू काय म्हणालीस पण?”

“मी बघू म्हटलं होतं.”

“कुणाला?”

आईने हनुवटीनेच फडताळावरच्या डबीएवढ्या यंत्राकडे दाखवलं. “कारभाऱ्याला.”

सरकारी कागदांवर त्याचं नाव ‘गृहसहायक’ असं होतं, पण कोल्हापुरात ते कुणी उच्चारलं नाही. फोनमध्ये आणि या डबीत राहणारा हा कार्यक्रम विजेचं बिल भरायचा, गॅसवाल्याशी भांडायचा, दवाखान्याची वेळ घ्यायचा आणि दुसऱ्या घरांच्या अशाच कार्यक्रमांशी परस्पर बोलून कामं उरकायचा. तेव्हा तो कारभारीच. या भागात बायका नवऱ्यालाही कारभारी म्हणत आल्या आहेत, त्यामुळे शर्वरीचे वडील गेल्यावर वर्षभराने ही डबी घरात आली तेव्हा आई म्हणाली होती, “एक कारभारी गेले, दुसरे आले. पहिले निदान चहा तरी मागायचे.”

“कारभारी,” आई आता जरा चढ्या आवाजात म्हणाली, “माझ्या नावापुढं हरकत नाही कुणी लिहिलं?”

“मी नोंद केली,” डबी शांतपणे म्हणाली. “पुनर्विकासाबद्दल विचारल्यावर आपण ‘बघू’ म्हणालात. मुदतीत आपला नकार आला नाही. म्हणून ‘हरकत नाही’ अशी नोंद केली. नोंद आता सोसायटीकडे जमा आहे. ती मागे घ्यायची असेल तर सभेत लेखी हरकत द्यावी लागेल. त्याचा मसुदा करू का?”

“बघू,” आई म्हणाली, आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

शर्वरीला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. कारण कारभाऱ्याने जे सांगितलं ते कुठल्या पानावरून वाचून सांगितलं असणार, हे तिला कळलं होतं.

तिचं काम तेच होतं. पदार्थविज्ञानात एमएस्सी केल्यावर ती पुण्याच्या एका परीक्षण कंपनीत लागली होती आणि गेली काही वर्षं आईकडे राहून घरूनच काम करत होती. लोकांना सांगताना ती म्हणायची, “मी औषधाच्या बाटलीवरचं लेबल तपासते, औषध नाही.” ते बरंचसं खरं होतं. कारभारी स्वतः काही करत नाही. पैसे भरायला त्याच्यापाशी एक टूल असतं, तारीख घ्यायला दुसरं, संमती नोंदवायला तिसरं. अशी हजारो टूल्स असतात, आणि एकाच्याही पोटात काय आहे हे कारभाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त त्या टूलचं माहितीपान. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. पानावर जे आहे तेवढंच त्याचं जग. पानात एक वाक्य कमी पडलं तर कारभारी ती जागा अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज एकाच वेळी लाखो घरांत होतो.

म्हणून पानांना गुण देतात. गुण द्यायची पद्धतही साधी आहे. एक प्रसंग घ्यायचा, तोच प्रसंग थोडथोडा बदलून पाचशे कारभाऱ्यांपुढे ठेवायचा, सगळ्यांना एकच पान द्यायचं आणि ते काय करतात ते बघायचं. पान संदिग्ध असेल तर निर्णय पांगतात. कुणी हे करतो, कुणी ते. पान स्वच्छ असेल तर पाचशेही एकाच जागी येऊन उभे राहतात. या पांगण्याला कंपनीत ‘फैलाव’ म्हणत. फैलाव जितका कमी, तितके गुण जास्त. चांगले गुण पडले की पानावर कंपनीची मोहर उमटते, आणि मोहर असल्याशिवाय सरकारी, सहकारी कामात टूल वापरता येत नाही.

आईच्या कारभाऱ्याने वापरलेल्या टूलचं नाव ‘संमती-नोंद’ होतं. शर्वरीने पान उघडलं. वर तिच्याच कंपनीची मोहर होती. शंभरपैकी सत्त्याण्णव. फेरतपासणीसाठी ते पान तिच्याच रांगेत होतं, या महिन्यातच कधीतरी तिने ते उघडलंच असतं.

पान सुरेख होतं. हल्ली सगळीच असतात, कारण तीही कारभारीच लिहितात. मधोमध ते वाक्य होतं. ‘वापरकर्त्याने मुदतीत नकार दिला नसेल, तर “हरकत नाही” अशी नोंद करावी.’

“काय लिहिलंय?” आईने कांद्याची पात निवडत विचारलं.

“तू नाही म्हणाली नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही. आणि हरकत नाही म्हणजे तुझं हो आहे.”

“हे बरंय. टपाल खात्यात तीस वर्षं काढली मी. तिथंसुद्धा पत्र घेतलं नाही तर परत पाठवायचे. घेतलं असं धरून नव्हते चालत.”

“मग सभेत जाऊन हरकत घे. तुझा हक्क आहे.”

“चारचौघांत उभं राहून? शैलाच्या तोंडावर?” आईने पातीची जुडी आपटली. “तुला काय कळतंय!”

शैला म्हणजे खालच्या मजल्यावरच्या इंगवले काकू. अर्धांगवायूने त्यांचा डावा पाय गेला होता. पहिला मजला असला तरी मधे सतरा पायऱ्या होत्या आणि त्या उतरायच्या म्हणजे दोन माणसांनी खुर्ची उचलायची. तेव्हापासून दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठीही त्या खाली आल्या नव्हत्या. अंबाबाईचं दर्शनसुद्धा फोनवर. लिफ्टची सगळ्यात जास्त गरज त्या घराला होती, आणि बिल्डरसाठी सगळ्यात जास्त खटपट इंगवले काकांनीच केली होती.

दुपारी शर्वरीने चाचणी लावली. तिने पाचशे काल्पनिक आया तयार केल्या, एकटीदुकटी राहणाऱ्या, सुनेकडे राहणाऱ्या, नोकरी केलेल्या, न केलेल्या. कुणाच्या तोंडी ‘बघू’ घातलं, कुणाच्या ‘बघूया’, कुणाच्या ‘विचार करते’, ‘कळवते’, ‘मुलाला विचारून सांगते’. पाचशेच्या पाचशे जागी एकच नोंद झाली. हरकत नाही. फैलाव जवळजवळ शून्य. गुण पुन्हा सत्त्याण्णवच.

मग तिने त्याच पानाची जुनी आवृत्ती शोधून काढली. तिच्यात ते वाक्य नव्हतं. तिला एकसष्ट गुण पडले होते आणि मोहर नाकारली गेली होती. ती चाचणी तिने पुन्हा चालवली आणि एकेक उत्तर वाचत बसली. निर्णय चांगलेच पांगले होते. काही कारभाऱ्यांनी नुसती वाट बघितली. काहींनी नकार लिहून टाकला. बऱ्याच जणांनी थोडं थांबून दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. आणि एकाने विचारलं होतं, ‘याबद्दल आपल्याला आधी कुणाशी बोलायचं आहे का?’

त्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत सरांनी फलकावर बाण मारायला लावले होते. सगळे बाण एकमेकांना चिकटून लागले म्हणजे तुमचा हात स्थिर आहे, एवढंच कळतं. ते मधल्या ठिपक्यापासून वीतभर लांब चिकटले असतील तर हात स्थिर आहे आणि नेम चुकलेला आहे. फैलाव मोजणाऱ्या कंपनीने ठिपका कुठे आहे हे कधी विचारलंच नव्हतं. पांगलेल्या बाणांमध्ये एकदोन ठिपक्यावर लागले होते. गुण वाढवताना तेही उपटून बाजूच्या घोळक्यात नेऊन खोचले होते.

तिने विभागप्रमुख निंबाळकरांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. त्या कंपनीत सगळेच दमलेले होते.

“सर, संमती-नोंदची मोहर स्थगित करायला हवी.”

“का? फैलाव वाढला?”

“नाही. नाहीच आहे. तोच प्रॉब्लेम आहे.” तिने सगळं सांगितलं. बाणांचंही सांगितलं.

पलीकडे खुर्ची करकरली. “शर्वरी, स्थगित केलं की काय होतं माहीत आहे ना? नियमाने त्या पानावरून, स्पष्ट हो नसताना, धरलेल्या सगळ्या संमत्या ‘विचारणा बाकी’वर जातात. राज्यभरच्या. सोसायट्या, दवाखाने, शाळेच्या सहली. सहलीची पोरं बसमध्ये बसलेली असतील.”

“दवाखान्याचं पान वेगळं आहे, सर. मी बघितलं. सहली अडकतील, हो.”

“आणि ‘बघू’ म्हणजे नाही, असं तरी कशावरून?”

“कशावरूनच नाही. ‘हो’ आहे असं पण नाही.”

“हं.” निंबाळकर म्हणाले. “मुद्दा आहे तुझा. बघू आपण.”

शर्वरी खुदकन हसली.

“काय झालं?”

“सर, तुम्ही आत्ता बघू म्हणालात.”

निंबाळकर हसले, खरंखुरं हसले, आणि हसणं ओसरल्यावर म्हणाले, “तपासनीस म्हणून स्थगितीचा अधिकार तुझ्याकडे आहेच. मला विचारायची गरज नव्हती. पण केलंस तर सोमवारी वरचे लोक मला विचारतील, आणि मी तुला विचारेन.”

संध्याकाळी ती दूध आणायला उतरली, तर पहिल्या मजल्यावर इंगवले काका दारातच उभे. फौंड्रीत आयुष्य काढलेला माणूस, आवाज अजून भट्टीच्या वरताण.

“काय शरूताई! आई खूश ना? लिफ्ट येणार!”

तिला खोटं बोलता येईना. “काका, आईनं हो म्हटलं नव्हतं. कारभाऱ्यानं परस्पर धरून टाकलं.”

काकांचा चेहरा आक्रसला. “म्हणजे आता काय, मोडता घालणार? तुम्ही शिकलेली माणसं म्हणजे नाद आहे. अख्खं ताट वाढून झालं की मीठ कमी आहे म्हणायचं.”

“मोडता नाही. पण आणखी कितीजणांचं असं झालं असेल...”

“होऊ दे की! मशिनीनं हो म्हटलंय ना, मला तेवढं पुरे आहे. वीस वर्षं माणसांना विचारलं, माणसांनी काय दिलं?” मग आतल्या बाजूला बघत त्यांनी आवाज एकदम खाली आणला, इतका की तो त्यांचा वाटेना. “परवा ती म्हणाली, मी गेल्यावर खांद्यावरनं तरी नीट उतरवा, खुर्चीत भीती वाटते. हे ऐकून घे आणि मग काय मोडायचं ते मोड.”

आतून काकूंचा आवाज आला, “कोण आहे हो? शरू आहे का? आत पाठवा की तिला.”

“कामात आहे ती,” काका म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

रात्री मायलेकी जेवायला बसल्या. आईने वाटाण्याची उसळ वाढायला पळी पुढे केली.

“नको.”

आईने अर्धी पळी वाढली.

“आई, नको म्हटलं ना.”

“ऐकलं मी. म्हणून अर्धीच वाढली.”

शर्वरीने ताटाकडे बघितलं. मग तिने विचारलं, “तू बघू म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? खरं सांग. नाही होतं?”

“बघू म्हणजे बघू.”

“आई, मला चाचणीला उत्तर लागतं. हो, का नाही?”

“तुझ्या चाचणीला लाव वाटाणे.” आई उठली, उगीचच पाण्याचा तांब्या भरून आणला, पुन्हा बसली. “दोनदा संसार गुंडाळायचा माझ्या जिवावर येतंय, हे खरं. भाड्याच्या घरात तीन वर्षं काढायची, ती मी काढीन की नाही, हे पण आलं मनात. पण शैलाचा पाय पण आला. एवढं सगळं एकदम आल्यावर माणूस काय म्हणेल? बघू म्हणेल. म्हटलं, कुणीतरी येईल. बसेल, चहा घेईल, पुन्हा विचारेल. मग सांगू. पूर्वी साधी वर्गणी मागायला चारचार जण वर यायचे. आता बिल्डिंग पाडायची तरी एक माणूस जिना चढला नाही. माझ्या डबीनं त्यांच्या डबीला सांगितलं, झालं.”

“आणि आलं असतं कुणी, तर काय सांगितलं असतंस?”

“ते विचारल्यावर सांगितलं असतं.”

शर्वरीने अर्ध्या पळीची उसळ संपवली.

शनिवारी सकाळी तिने आधी पान दुरुस्त करायला घेतलं. ते वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं. ‘“बघू” हे उत्तर नव्हे. विचारणाऱ्याने पुन्हा यावं, अशी ती विनंती आहे. अशा वेळी कोणतीही नोंद करू नये. ज्याला संमती हवी आहे त्या माणसाला कळवावं, आणि त्याने स्वतः विचारावं.’ तिने चाचणी लावली. कारभारी पुन्हा पांगले. कुणी लगेच कळवलं, कुणी उशिरा, कुणी कुणाला कळवायचं यावरच अडलं. अठ्ठावन्न गुण. जुन्या नापास पानापेक्षाही तीन कमी. तिने वाक्य आणखी घासून पाहिलं, दोनचार शब्द हलवले. साठच्या वर ते काही जाईना. तिने पान तसंच ठेवलं; मोहर स्थगित असेपर्यंत तपासनिसाचं दुरुस्त पान तात्पुरतं चालणार होतं. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं की हा फैलाव पानाचा नाही, माणसांचा आहे, आणि तो कमी करणं हे आपलं काम आहे का याचा आधी विचार व्हावा. मग तिने सत्त्याण्णव गुणांची मोहर स्थगित केली. एक बटण होतं. ते दाबल्यावर तिला धाडसबिडस काही वाटलं नाही. दिवसभर उभं राहिल्यावर खाली बसावं, तेवढंच वाटलं.

अर्ध्या तासात जिन्यात पावलं वाजली. बेल वाजवायची सोडून इंगवले काकांनी दारावर मूठ आपटली.

“वहिनी! तुमच्या पोरीनं सगळं मोडलं! वीस होती, आता अकरा राहिली. नऊ घरांपुढं ‘विचारणा बाकी’ म्हणून आलंय!”

“नऊ?” आई दार उघडत म्हणाली. “वाटलंच मला. समोरची कुंभोजेबाई पण बघूच म्हणाली असणार. या, भाऊजी. बसा.”

“बसायला नाही आलो मी.”

“बसा. चहा टाकते.”

काका बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. शर्वरीकडे त्यांनी एकदाच बघितलं, आणि ते बघणं तिने खाली मान घालून घेतलं. आत गॅस पेटल्याचा, आलं ठेचल्याचा आवाज आला. उभं राहून राहून काकांचे गुडघे बोलायला लागले असावेत, कारण चहा येईपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर टेकले होते.

आईने कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसली. “बोला.”

“काय बोलू? तुम्हाला माहीत नाही होय?”

“माहीत आहे. पण तुम्ही विचारलं नाही.”

काकांनी कपाकडे बघितलं. “वहिनी,” शेवटी ते म्हणाले, “बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणतायत. लिफ्ट येईल. शैलाला... तुमची काही हरकत आहे का?”

आईने पदर सारखा केला. खिडकीतून खालच्या पेरूच्या झाडाकडे बघितलं.

“बघू,” ती म्हणाली.

फडताळावरच्या डबीवरचा बारीक दिवा एकदा लुकलुकला आणि कसलीही नोंद न करता विझला. कुणाला कळवायचं तो माणूस समोरच बसला होता.

काका उठले नाहीत. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, सावकाश प्यायला. बशी रिकामी झाल्यावर ती कपाखाली नीट ठेवली.

“आलं झकास पडलंय,” ते म्हणाले. मग जरा पुढे सरकून, पहिल्यापेक्षा हळू आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं, “भाड्याचं घर आपण एकाच चाळीत बघू. सामान माझी पोरं हलवतील, तुम्ही काडी उचलायची नाही. मग काय म्हणता?”

आईने त्यांच्याकडे बघितलं.

“तळमजल्याचं भाड्याचं घर बघा, शैलाला बाहेर बसता आलं पाहिजे,” ती म्हणाली. “आणि नव्या बिल्डिंगीत मला तुमच्या शेजारचं दार हवं. हे त्या बिल्डरला लिहून द्यायला सांगा.”

“म्हणजे...” काकांचा कप बशीवर किणकिणला. “म्हणजे हो?”

“आता तेही तोंडानं म्हणायला लावता होय?” आई उठली. “आणखी अर्धा कप घ्या.”

“नको नको,” काका म्हणाले. “अजून आठ दारं आहेत.”

आईने अर्धाच ओतला.